बाहुलीघराची वीटही मापात हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

सहामाही परीक्षा संपत आल्या की शाळाशाळांतून ‘आदर्श घर’, ‘आमचे गाव’, ‘ऐतिहासिक वाडा’ अशा नावांचे प्रकल्प मुलांना दिले जातात आणि त्याच आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानांपुढे पालकांची रांग लागते, हे आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. यंदा नातीबरोबर मीही त्या रांगेत उभा होतो. तिच्या शाळेने दिलेल्या सूचनेत ‘थर्माकोल, विटांचे छापील कागद, डिंक’ असे साहित्य स्पष्ट शब्दांत नमूद केलेले होते. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, ही गोष्ट शाळेच्या कानावर गेलेली नसावी. परंतु माझी तक्रार केवळ थर्माकोलपुरती नाही. दुकानदाराने दाखवलेला विटांचा कागद मी हातात घेतला, तेव्हा त्यावरील एकेक वीट दीड इंच लांब भरली. ज्या घरात हा कागद लागायचा होता, त्या घराच्या दाराची उंची सहा इंच. म्हणजे दारातून आत जाणाऱ्या बाहुलीच्या डोक्यापेक्षा भिंतीतली वीट मोठी! दुकानदाराला मी हे दाखवले, तेव्हा त्याने ‘आजोबा, मार्क तेवढेच मिळतात’ असे उत्तर दिले. त्या उत्तराने मी गप्प झालो खरा, पण कागद घेतला नाही.

मी सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो असून आयुष्याची चौतीस वर्षे वीटकाम मोजण्यात गेली आहेत. आमचा सदाशिव पेठेतील वाडा काही वर्षांपूर्वी पुनर्विकासासाठी पाडला गेला. राडारोडा उचलण्यासाठी डंपर आला त्या सकाळी मी ढिगाऱ्यातून एक सबंध वीट वेचून घरी आणली. ती आजही आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीला टेकण म्हणून आहे. साडेआठ इंच लांब, साडेपाच इंच रुंद आणि जाडीला जेमतेम दीड इंच, अशी ती पातळ, चपटी वीट आहे. आज आपण बाजारातून आणतो त्या नऊ-चार-तीनच्या विटेशी तिचे काही साम्य नाही. नातीला मी सांगितले की, आपण बाहुलीघर बांधू ते या विटेचे बांधू, आणि त्यासाठी दुकानातून एकही वस्तू विकत आणायची नाही. (फेव्हिकॉलचा डबा याला अपवाद ठरला, हे कबूल करतो. पिठाची खळ करून पाहिली होती, पण खळीला कसर आणि झुरळे लागतात. बाइंडर मंडळी तीत मोरचूद घालतात, परंतु मुलांच्या खेळण्यात विष कालवणे माझ्या मनाला पटले नाही.)

प्रथम प्रमाण ठरवावे लागले. बाहुलीघराच्या जगात एका फुटाला एक इंच, म्हणजेच एकास बारा हे प्रमाण पुष्कळ रुळलेले आहे. नवी दिल्लीची आखणी करणारे वास्तुविशारद एडविन लुटियन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी जे बाहुलीघर उभारले आणि जे आज विंडसरच्या किल्ल्यात ठेवलेले आहे, तेही याच प्रमाणात आहे. त्यात नळाला पाणी येते आणि दिवेही लागतात. आपल्याला एवढी ऐपत नको, पण प्रमाण मात्र तेच घ्यावे, कारण त्यात मुलाला भागाकार करावा लागत नाही. फुटाच्या जागी इंच म्हटले की झाले. त्या हिशेबाने आमची वीट १८ मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटरांहून किंचित जाड भरते, तर चुन्याची अर्ध्या इंचाची दरज (दोन विटांमधला सांधा) एक मिलिमीटरची होते. सोळा इंच लांब आणि बारा इंच उंच अशा दर्शनी भिंतीत अशा विटांचे ७२ थर बसतात. हीच भिंत आजच्या तीन इंची विटेने आणि सिमेंटच्या बारीक दरजेने रचली, तर थर भरतात अवघे ४२ च्या आसपास. जुन्या वाड्याची भिंत आणि नव्या बंगल्याची भिंत लांबून पाहूनही वेगळी का वाटते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे, आणि छापील कागद ते कधीच देऊ शकत नाही.

दार आणि दोन खिडक्या वजा जाता आम्हाला सुमारे १३०० विटा लागणार होत्या. त्यासाठी साहित्य कोणते? रद्दीच्या लगद्यापासून केलेले अंड्यांचे ट्रे याला उत्तम, असे पुष्कळ जण सांगतात आणि ते खरेही आहे, कारण त्या लगद्याचा खरखरीतपणा भाजलेल्या मातीसारखाच दिसतो. परंतु आपल्याकडे मिळणारा तीस अंड्यांचा ट्रे सगळा खळग्याखळग्यांचा असतो. सपाट जागा त्यात शोधावी लागते. शिवाय आमच्या घरी अंडी येत नाहीत आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या ट्रेला वाळलेल्या बलकाचे डाग होते, ते मुलीच्या हाती देणे बरे नव्हे. अखेर फळवाल्याकडे सफरचंदाच्या पेटीतले दोन ट्रे फुकट मिळाले. तेही त्याच लगद्याचे असतात, आणि त्यांचे खळगे उथळ असल्यामुळे ते सपाट करणे सोपे जाते.

सपाट करण्याची रीत थोडी सविस्तर सांगतो, कारण येथेच बहुतेकांचे हात पोळतात. ट्रेचे वहीच्या पानाएवढे तुकडे फाडून कोमट पाण्यात चार-पाच मिनिटेच भिजवावेत. अधिक काळ ठेवले तर पुन्हा लगदा होतो. भिजलेला तुकडा दोन सुती फडक्यांच्या मध्ये ठेवून लाटण्याने लाटावा, एका दिशेने नव्हे तर पोळीसारखा फिरवत, नाहीतर तो एकीकडे ताणला जाऊन फाटतो. मग फडक्यासह तो पाट्याखाली रात्रभर दाबावा आणि सावलीत वाळवावा. आमच्या हिने पाटा पहिल्यांदाच इतक्या वर्षांनी माळ्यावरून खाली काढला, आणि तो वाटणासाठी नसून पुठ्ठ्यासाठी काढावा लागला यावर जे बोलायचे ते बोलूनही घेतले. उन्हात मात्र वाळवू नये. पहिले तीन तुकडे मी घाईने गच्चीत ठेवले, ते दुपारपर्यंत पापडासारखे वळले.

वळण्याचा हाच दोष मूळ भिंतीतही शिरला. पार्सलच्या खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची आम्ही भिंत केली आणि तिच्या एकाच बाजूला फेव्हिकॉल लावून विटा चिकटवू लागलो. चाळीस थर झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो भिंत धनुष्यासारखी वाकलेली. ओळंबा (भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्याची वजनाची दोरी) लावण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे पाहवले नाही. पाच दिवसांचे काम उचकटून टाकावे लागले. ओली बाजू फुगते आणि सुकताना आखडते, कोरडी बाजू जागची हलत नाही, हे साधे कारण मला आधी सुचायला हवे होते. दुसऱ्या वेळी आम्ही पुठ्ठ्याचे दोन थर घेतले, एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या राहतील असे ते चिकटवले, आणि विटा लावण्यापूर्वी मागच्या बाजूला आपल्याच दैनिकाचे जुने अंक डकवून दोन्ही बाजूंचा ताण सारखा केला. ती भिंत आजतागायत सरळ आहे.

रंग देण्याचे काम विटा कापण्यापूर्वी करावे. पातळ फेव्हिकॉलमध्ये गेरू मिसळून तो सपाट तुकड्यांवर फासला म्हणजे रंगही बसतो आणि पुढे दरजा भरताना कागद पाणी शोषून फुगत नाही. मात्र सर्व विटा एकाच लाल रंगाच्या केल्या की भिंत रंगवलेली दिसते, बांधलेली नव्हे. वीटभट्टीत आचेजवळची वीट काळपट पडते, कडेची वीट फिकट आणि अर्धकच्ची राहते, आणि गाडी भरताना सगळ्या मिसळल्या जातात. म्हणून आम्ही एका तुकड्याला गेरूत काजळी मिसळली, दुसऱ्याला पिवळी माती, आणि कापलेल्या साऱ्या विटा एका परातीत ओतून हाताने कालवल्या. भिंत रचताना परातीतून येईल ती वीट उचलायची, निवडायची नाही, असा नियम नातीने स्वतःच केला. कापलेल्या काही विटांच्या कोपऱ्यांचे तिने नखाने टवके उडवले. तेवढ्याने त्यांना जुनेपणा आला.

आता रचनेविषयी, ज्यासाठी मी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे. वीटकामाचा पहिला नियम असा की, एका थरातील उभी दरज खालच्या थरातील उभ्या दरजेवर येता कामा नये. सांधा मोडला पाहिजे, नाहीतर भिंत त्या रेषेत फाटते. पुठ्ठ्याची भिंत अर्थातच फाटणार नाही, पण पाहणाऱ्याच्या डोळ्याला कारण न कळताही ती खोटी वाटते. वाड्याची भिंत चांगली दोन फूट जाडीची होती, त्यामुळे दर्शनी बाजूस काही विटांची लांब बाजू आणि मधूनमधून काहींची आखूड बाजू दिसे. आखूड बाजूची वीट आत शिरून भिंतीची बाहेरची आणि आतली फळी एकत्र बांधते. म्हणून आम्ही १८ मिलिमीटरचे आणि साडेअकरा मिलिमीटरचे असे दोन मापांचे तुकडे कापले आणि साधारण चार लांब तुकड्यांमागे एक आखूड बसवला. नातीने विचारले, ‘आत तर काहीच नाही, मग आत शिरलेली वीट कशाला दाखवायची?’ मी तिला गॅलरीतील वीट आडवी-उभी फिरवून दाखवली. त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, उलट माझी एक आखूड वीट चुकीच्या जागी गेली तेव्हा मलाच टोकले.

कोपऱ्याकडे तर शाळेच्या प्रकल्पांत कुणाचेच लक्ष नसते. दोन भिंती टोकाला टोक लावून चिकटवल्या जातात आणि कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एक सरळ फट दिसते. खऱ्या बांधकामात एका भिंतीची लांब वीट दुसऱ्या भिंतीवर स्वतःची आखूड बाजू दाखवते, आणि पुढच्या थरात हे उलट होते. हे साधण्यासाठी साडेएकोणतीस मिलिमीटरची पट्टी कापावी, १८ मिलिमीटरवर ब्लेडने अर्धवट चीर द्यावी (हे काम मोठ्यांनी करावे), आणि चिरेवर काटकोनात दुमडून ती कोपऱ्यावर बसवावी. एका थरात लांब भाग उजवीकडे, पुढच्या थरात डावीकडे. घडीवर गेरूचे बोट फिरवले की सबंध वीट कोपऱ्यात बसल्यासारखी दिसते. बहात्तर थरांचे दोन कोपरे करायला आम्हाला एक अख्खा रविवार लागला, पण संपूर्ण घरात पाहुणे जर कशापाशी थबकत असतील तर त्या कोपऱ्यापाशी.

खिडकीच्या डोक्यावरील विटांचीही तीच गत असते. बाजारच्या तयार घरांत विटांच्या ओळी खिडकीवरून तशाच सरळ पुढे जातात, जणू त्या विटा अधांतरी उभ्या आहेत. खिडकीवर एकतर लाकडी तुळई हवी किंवा कमान हवी. दारावर आम्ही आइस्क्रीमच्या काडीला चहाचा रंग देऊन तिची तुळई केली. खिडक्यांवर कमानी घेतल्या. विटा उभ्या लावून, खालच्या टोकाला किंचित निमुळत्या कापून, दोन्ही बाजूंनी मध्याकडे येत शेवटची वीट मधोमध ठोकून बसवायची. ती शेवटची वीट नातीने बसवली.

दरजांसाठी खरा चुना वापरू नये, तो त्वचेला आणि डोळ्यांना भाजतो. शाळेतून आणलेले खडूंचे थुटके आम्ही खलबत्त्यात कुटले आणि त्यात वाड्याच्या त्याच ढिगाऱ्यातून आणलेल्या विटेच्या तुकड्याची पूड, जुन्या मलमलीतून चाळून, घातली. जुने गवंडी चुन्यात विटांची भुकटी मिसळत, तिला सुरखी म्हणत. तेव्हा आमच्या बाहुलीघराच्या दरजांतही सुरखी आहे आणि तीही मूळ वाड्याची, एवढे मी अभिमानाने सांगू शकतो. पातळ फेव्हिकॉलमध्ये हे मिश्रण श्रीखंडाइतके दाट भिजवून, रिकाम्या दुधाच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन करून त्यातून ते दरजांत सोडले आणि जुन्या बनियनच्या ओलसर, पिळून काढलेल्या तुकड्याने विटांवरचे जादा पुसून घेतले. पायथ्याच्या चार-पाच थरांवर मात्र मुद्दाम थोडी पांढुरकी छटा राहू दिली, कारण ओल चढलेल्या भिंतीला खाली क्षार फुटतातच आणि आमच्या वाड्याला ते फुटले होते. एका कोपऱ्यात गिलावा धरून ठेवला आणि त्याला पडलेल्या भगदाडातून विटा डोकावू दिल्या. त्यामुळे शंभरेक विटा वाचल्या, हे गुपित येथे फोडतो.

सारांश, छत आणि गॅलरी वगळून केवळ दर्शनी भिंतीला आम्हाला रोज तासभर धरून सव्वा महिना लागला. खर्च फेव्हिकॉलचा. नातीच्या शाळेत हे घर गेले, तेव्हा ‘पालकांनी केलेले दिसते’ असा शेरा मारून त्याला थर्माकोलच्या गुळगुळीत घरांच्या खाली क्रमांक देण्यात आला. शिक्षकांच्या शंकेला जागा आहे, हे मी मान्य करतो. चिरा मी दिल्या आणि ओळंबाही मीच धरला. पण भिंतीत आखूड वीट का असते, खिडकीवर कमान का लागते, आणि कोपऱ्यात कोणती वीट कोणाला धरते, एवढे तीन प्रश्न जर कोणी तिला विचारले असते, तर घर कोणी बांधले याचा निकाल तिथेच लागला असता. तसे कोणी विचारले नाही.

म्हणून आपल्यामार्फत शाळांना आणि दिवाळीच्या सुटीत स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, साहित्याच्या यादीत विकतच्या वस्तूंची नावे न देता प्रकल्पाचे प्रमाण द्यावे आणि परीक्षकाने पट्टी हातात घेऊन एक वीट, एक दार आणि एक पायरी मोजावी. दुसरी विनंती अशी की, मुलांना भिंत करायला सांगण्यापूर्वी एखादी खरी भिंत पाहायला न्यावे. पुण्यातल्या मुलांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याच्या तटाजवळ उभे राहिले तरी खाली घडीव दगड आणि वर वीट असा फरक चार वर्षांच्या मुलालाही दाखवता येतो. हे न पाहिल्यामुळेच दिवाळीत अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात आणि सह्याद्रीच्या काळ्या दगडी तटांवर मुले खराट्याच्या काडीने विटांच्या रेघा ओढतात. आपल्या दैनिकाच्या मुलांच्या पानावर वर्षातून एखादा आठवडा अशा मोजमापासाठी दिला गेला, तर माझ्यासारखे निवृत्त लोक आकृत्या काढून द्यायला आनंदाने तयार होतील.

आमच्या परातीत अजून तीनशे विटा उरल्या आहेत. नातीला त्यांचा वाड्याच्या चौकात होता तसा गोल हौद बांधायचा आहे. सरळ वीट गोलात कशी बसवायची, तिची आतली कड तासायची की बाहेरची दरज रुंद ठेवायची, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त ओव्हरसियर, पुणे